दोर कुणाच्या हातात असतो, ते आधी विचारा

सातपूरच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी बारावी सायन्स झाली. इंजिनिअरिंगची सीईटी तिने दिलीच नाही, 'आउटडोअर एज्युकेशन'मध्ये, म्हणजे मुलांना डोंगरात, पाण्यावर नेऊन शिकवण्याच्या विषयात, डिग्री करायची म्हणते. समोर तीन वाटा आहेत: एका खासगी विद्यापीठाचा ॲडव्हेंचर स्पोर्ट्सचा तीन वर्षांचा कोर्स, कर्ज काढून ऑस्ट्रेलिया, किंवा 'आधी साधी बीए कर, मग बघू' हा घरच्यांचा तोडगा. कॉलेज कसं निवडायचं आणि यात पोट भरतं का, एवढं त्यांना हवं आहे.

मी गेली चोवीस वर्षं नाशिकमध्ये शाळा-कॉलेजच्या मुलांना डोंगरात नेण्याचं काम करते. गेली दहा-बारा वर्षं नव्या प्रशिक्षकांच्या मुलाखतीही घेते. त्यामुळे कॉलेजांच्या माहितीपत्रकांपेक्षा तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं मला जास्त ओळखीची आहेत. पोटाचं शेवटी बोलू, आधी कॉलेज.

'आउटडोअर एज्युकेशन' या नावाने आपल्या देशात पदवी शोधायला बसलात तर हाताला फारसं काही लागणार नाही. हा विषय आपल्याकडे निरनिराळ्या पाट्यांखाली विखुरलेला आहे. कुठे ॲडव्हेंचर स्पोर्ट्स, कुठे पर्यटन व्यवस्थापन, कुठे शारीरिक शिक्षण, कुठे पर्यावरणशास्त्र. पाटी बदलली की आतला मसालाही बदलतो. पर्यटनवाल्या कोर्सात गिऱ्हाईक सांभाळणं, बुकिंग, हिशेब. ॲडव्हेंचरवाल्यात स्वतः चांगलं चढणं, पोहणं, वल्हवणं. शारीरिक शिक्षणात मैदान. पण पुढे बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची शिक्षकी पदवी, केली तर शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून लागायची वाट उघडी राहते. तेव्हा पदवीवर नेमकं कोणतं नाव छापून येणार, विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का, आणि ते नाव यूजीसीच्या मान्य पदव्यांच्या यादीत बसतं का, हे प्रवेशाच्या आधी लेखी घ्या. काउंटरवरची मुलगी 'हो हो, सगळं आहे सर' म्हणेल. लेखी म्हणजे लेखी.

आता मूळ मुद्द्याकडे येते, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. हे शिक्षणशास्त्र आहे. डोंगर हे त्यातलं साधन. १९४१ साली कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या पुढाकाराने वेल्सच्या किनाऱ्यावर, ॲबरडोव्हीला, आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा निघाली, तेव्हा महायुद्ध चालू होतं. बोटी बुडायच्या आणि तरुण खलाशी थंड पाण्यात हाय खायचे. सुकाणू धरायला शिकवणारे तेव्हाही पुष्कळ होते. या शाळेला समुद्राकडून पोरं घडवून घ्यायची होती. आपला सगळा धंदा त्या शाळेच्या पोटातून निघाला आहे. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा एकच प्रश्न खिशात ठेवा: तीन वर्षांत माझी मुलगी किती दिवस डोंगरात असेल, आणि त्यातले किती दिवस *ती* दुसऱ्या कुणाला शिकवत असेल, मागे जाणता माणूस उभा असताना? पहिला आकडा सगळे फुशारकीने सांगतात. दुसऱ्या आकड्याला समोरचा माणूस जरा खाकरतो.

का विचारायचं, ते सांगते. मागे एक मुलगा माझ्याकडे मुलाखतीला आला. तीन वर्षांचा कोर्स केलेला, हात पिळदार, अवघड कातळावर सरड्यासारखा चढणारा. मी त्याला पांडवलेण्याच्या पायथ्याशी सहावीची बारा मुलं दिली आणि म्हटलं, यांना आठाची गाठ शिकव. सकाळचे साडेआठ. त्याने मुलांना अर्धगोलात उभं केलं आणि स्वतः उन्हाला पाठ करून उभा राहिला. झालं. बाराच्या बारा मुलांच्या डोळ्यांवर ऊन, सगळी डोळे मिचकावतायत, त्याच्या हातातला दोर कुणालाच धड दिसेना. वर तो समोरासमोर उभा, म्हणजे त्याचा डावा हात तो मुलांचा उजवा. मुलं उलट्या बाजूने फास घालायला लागली, तशी त्याने एकेकाच्या हातातून दोर घेऊन स्वतःच गाठी मारून दिल्या. दहा मिनिटांत बारा सुबक गाठी तयार. शिकलं कुणीच नाही.

यात त्या पोराचा दोष मला फारसा वाटला नाही. त्याला तीन वर्षांत कुणी मुलांसमोर उभंच केलं नव्हतं. ऊन आपल्या तोंडावर घ्यायचं, मुलांच्या पाठीला द्यायचं. गाठ दाखवताना मुलांकडे पाठ करून हात वर धरायचे किंवा त्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. एकदा दाखवून झालं की आपले हात खिशात. या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. पन्नास वेळा चुकून आणि मागून कुणी तरी 'थांब, उन्हाकडे बघ' म्हटल्यावर येतात. ते मागून म्हणणारं माणूस ज्या कॉलेजात आहे, तिथे फी भरा.

कॉलेजला भेट द्यायची ती ओपन डेला नको. त्या दिवशी भिंतीवर बॅनर, अंगणात झिपलाइन आणि हातात सरबत असतं. मधल्या एखाद्या मंगळवारी जा आणि सामानाची खोली उघडून दाखवा म्हणा. मी अशा खोल्यांमधून पाचच मिनिटांत कॉलेज ओळखते. दोर जमिनीपासून वर, सावलीत टांगलेले आहेत की सिमेंटच्या पोत्याशेजारी गुंडाळून फेकलेले? प्रत्येक दोराला चिठ्ठी आहे का, कधी घेतला, किती वापरला, कधी बाद करायचा? दोर नुसता पडून राहिला तरी दहा वर्षांपुढे वापरू नका असं बनवणारेच सांगतात, आणि रोजच्या वापरातला तर फार आधी जातो. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याचा, कमी ताणला जाणारा स्टॅटिक दोर आणि आघाडीने चढताना लागणारा, पडल्यावर ताणून झटका शोषणारा डायनॅमिक दोर वेगळे ठेवलेत का? तुमच्या मुलीला विचारायला लावा, 'बाद केलेला दोर दाखवता का?' जिथे एकही दोर बाद होत नाही, तिथे एक तर कुणी डोंगरात जात नाही, नाही तर बाद दोरावरच जातात.

तसंच अपघाताची वही मागा. अपघात झाले नाहीत, पण होता होता वाचले, अशा गोष्टींची नोंद ठेवणारी वही. 'आमच्याकडे असं काही होतच नाही' हे उत्तर मिळालं तर चहा पिऊन घरी या.

कारण माझ्याकडे झालेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेची चाळीस मुलं घेऊन अंजनेरीला गेले होते. आम्ही तिघंच. वरच्या पठारावर अंजनीमातेच्या देवळाशी पोहोचून मोजलं तर एकोणचाळीस. पुन्हा मोजलं, एकोणचाळीसच. बुटात खडा गेला म्हणून एक मुलगा वाटेच्या कडेला कारवीच्या आड बसला होता, आणि सगळ्यात मागे राहायचं जिचं काम होतं ती मी, एका रडणाऱ्या मुलीचा हात धरून पुढे निघून आले होते. पंचवीस मिनिटांनी तो सापडला. बूट घालून, शांतपणे भडंग खात बसलेला. त्याला काहीच झालं नव्हतं. मला मात्र अजून कधी तरी रात्री ते एकोणचाळीस आठवतात. त्या दिवसापासून माझ्याकडे शेवटचा माणूस ठरलेला असतो. कुणी रडो, पडो, त्याच्या मागे एकही मूल राहत नाही. दर थांब्याला मोजणी, आणि मोजणारा दर वेळी वेगळा. कॉलेजात किती विद्यार्थ्यांमागे किती प्रशिक्षक, हा आकडा म्हणून तर विचारायचाच. पण शेवटी चालणारा कोण असतो, हेही विचारा. उत्तर किती पटकन येतं ते बघा.

आता हिमालयातल्या संस्था. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ची, एव्हरेस्ट सर झाल्यानंतरच्या वर्षीची. तेनसिंग नोर्गे तिथले क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले प्रमुख. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट, आपण सगळे 'निम' म्हणतो ती, १९६५ची. मनालीलाही तशीच जुनी संस्था आहे. या पदव्या देत नाहीत, पण आपल्या क्षेत्रात तिथल्या कोर्सची श्रेणी पदवीच्या बरोबरीने बघितली जाते. बेसिक साधारण २८ दिवसांचा. त्यात 'ए' श्रेणी मिळाली तरच ॲडव्हान्सला दार उघडतं, आणि ॲडव्हान्सला 'ए' आली तर 'मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन', म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स. जागा लवकर भरतात, म्हणून तारखांवर आधीपासून डोळा ठेवावा लागतो. माझा आग्रहाचा सल्ला असा: कुठल्याही कॉलेजची फी भरण्याआधी मुलीला बेसिकला पाठवा. पाठीवर वजन घेऊन रोज चालणं, पहाटे थंडीत भांडी घासणं, आठ जणींच्या खोलीत राहणं. महिन्याभरात तिला कळेल की तिला डोंगर आवडतो की डोंगरावरचे फोटो. आणि फी खासगी विद्यापीठाच्या एका सेमिस्टरपेक्षाही किती तरी कमी.

पाण्याकडे ओढा असेल तर गोव्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. आणि काही झालं तरी दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा मोठा कोर्स, ज्याला सगळे डब्ल्यूएफआर म्हणतात, तो हवाच. ७०-८० तासांचा असतो. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेचं हनिफल सेंटर हे आपल्याकडे असं प्रशिक्षण देणारं नावाजलेलं ठिकाण. कॉलेज हा कोर्स आपल्या फीमध्ये देत असेल तर त्या कॉलेजला माझ्याकडून दोन गुण जास्त.

ऑस्ट्रेलिया. ला ट्रोब विद्यापीठाचं बेंडिगो, इंग्लंडात कंब्रिया, ही या विषयातली जुनी नावं आहेत, आणि तिथे हा विषय खरोखर शिक्षणशास्त्र म्हणून शिकवला जातो. आपल्याकडे जी गोष्ट मी वर पदर पसरून मागते आहे, मुलांसमोर उभं राहण्याचा सराव, ती तिथे अभ्यासक्रमातच असते. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, पदवी वेगळी आणि डोंगरात लोकांना न्यायचा परवाना वेगळा. ब्रिटनमध्ये 'माउंटन लीडर' व्हायचं तर प्रशिक्षणाला जाण्याआधी २० आणि परीक्षेला बसण्याआधी ४० चांगले डोंगरदिवस वहीत भरलेले लागतात, शिवाय ८ रात्री तंबूत. पदवी हातात आली म्हणून हे आपोआप मिळत नाही. तेव्हा कोर्समध्ये असे कोणते परवाने पुरे होतात आणि कोणते आपल्या खर्चाने, हे विचारा. दुसरं, तिथून परत यायचं असेल तर तिथला डोंगर आणि इथला डोंगर यांत फरक आहे. बाहेर शिकून आलेली एक मुलगी माझ्याकडे होती. थंडीने अंग गारठलं तर काय करायचं हे तिला तोंडपाठ, पण धोडप किल्ल्याच्या वाटेवर कातळाखाली आग्या मोहोळ लटकलंय आणि खाली मुलं अत्तर-डिओ मारून आलीयत, म्हणजे वासाने माश्या उठू शकतात, हे तिच्या लक्षात येईना. वर्षभरात शिकली, हुशार होती. कर्ज मात्र पहिल्या महिन्यापासून चालू झालं होतं. ऑस्ट्रेलियातच राहून नोकरी करायची तयारी असेल तर ते गणित जमतं. नाशिकला परतून दिवसावारी पैशांवर ते हप्ते फेडणं, मी तरी माझ्या मुलीला सांगितलं नसतं.

राहिला घरच्यांचा तोडगा, साधी बीए. तुम्ही तो हताश होऊन लिहिलाय, मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, फक्त जरा बदलून. गंगापूर धरणाच्या वाटेवर आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. तिथून बीए किंवा बीकॉम करा. पदवी मान्यताप्राप्त, स्पर्धा परीक्षेलाही चालते, आणि हजेरीचा जाच नाही. मोकळी राहिलेली तीन वर्षं अशी लावायची: पहिल्या वर्षी बेसिक, दुसऱ्या वर्षी ॲडव्हान्स आणि प्रथमोपचार, तिसऱ्या वर्षी शिकवण्याचा कोर्स. मधले सगळे शनिवार-रविवार कुणा चांगल्या संस्थेबरोबर फुकट किंवा नाश्त्यावर राबणं. नाशिकमध्ये वैनतेयसारख्या जुन्या गिर्यारोहण संस्था आहेत, त्यांच्याकडे जाऊन उभं राहायचं. मानसशास्त्र विषय घेता आला तर सोन्याहून पिवळं. पुढे मन लागलं तर बी.पी.एड. किंवा परदेशातली पदव्युत्तर पदवी; तेव्हा तिच्या वहीत दोनशे डोंगरदिवस असतील आणि प्रवेश देणारे तिच्या मागे लागतील.

आणि वर्ग कुठला मिळतो बघा! सातमाळा रांग आपल्या अंगणात. हरिहरच्या कातळपायऱ्या, भीतीने पाय लटपटणाऱ्या मुलाशी कसं बोलायचं हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही (गर्दीच्या रविवारी मात्र नको, तिथे खालून वर आणि वरून खाली येणाऱ्यांची अडकाअडकी बघून माझेच पाय लटपटतात). मनमाडजवळची हडबीची शेंडी प्रस्तरारोहणाला. बागलाणात साल्हेर, १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. अंजनेरीवर गिधाडं, आणि त्या डोंगराचं नाव लागलेली सेरोपेजिया अंजनेरिका ही छोटी वनस्पती. हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरचे पक्षी. परदेशातली विद्यापीठं विद्यार्थ्यांना बसमध्ये घालून तासन् तास नेतात तेवढ्या गोष्टी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून एसटीने गाठता येतात.

मुलगी आहे म्हणून एक वेगळं. मुलगी म्हणून तिला अडवू नका, पण कॉलेजला विचारताना लाजूही नका. मुक्कामाच्या मोहिमेत महिला प्रशिक्षक कायम असते का, की फक्त फोटोपुरती? तक्रार समितीत कोण आहे? पाळीच्या दिवसांत सोय काय, आणि 'नको येऊस' हे उत्तर देतात का? माझ्या वेळी तेच उत्तर मिळायचं. मी दोन मोहिमा त्यावर गमावल्या आणि तिसरीला सांगितलंच नाही.

पोटाचं. सुरुवातीची तीन-चार वर्षं दिवसावर पैसे, तेही हंगामात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शाळांच्या सहली, पावसाळ्यात ट्रेक, एप्रिल-मे शिबिरं, मधले महिने कोरडे. पगारी जागा निवासी शाळांत, कंपन्यांच्या आउटबाउंड प्रशिक्षणात (कर्मचाऱ्यांना बाहेर मोकळ्यावर नेऊन करून घेतात ते) आणि मोठ्या शिबिर-संस्थांत असतात. जमशेदपूरच्या टाटा स्टील ॲडव्हेंचर फाउंडेशनसारख्या ठिकाणीही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकवायचं म्हटलंय, त्यामुळे शाळांचे फोन वाढलेत हे खरं. पण घ्यायचं काय आणि कुणाकडून हे शाळांना अजून नीट कळलेलं नाही. स्वतःचं सुरू करायचं तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, विमा, कागद. गुडघे चाळिशीत बोलायला लागतात, म्हणून त्याच्या आत शिकवणाऱ्यांना शिकवायच्या जागेवर पोहोचायला हवं. श्रीमंत कुणी झालेलं मी पाहिलं नाही. उपाशीही कुणी नाही.

त्या खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक तुम्ही पाठवलंत, ते बघितलं. सोळा पानं, एकवीस फोटो, प्रत्येकात विद्यार्थी दोरावर लटकलेला. दोर वरून कोण सांभाळतंय ते एकाही फोटोत नाही, आणि विद्यार्थी कुणाला शिकवतोय असाही एक नाही. तेवढ्यावरून मी त्यांना नापास करणार नाही, पण वरचे प्रश्न त्यांना विचाराच.

त्याआधी एक करा. येत्या रविवारी तिला घरातली, गल्लीतली सहा-सात पोरं घेऊन रामशेजला जाऊ दे. सोपा किल्ला आहे, आशेवाडीतून तासाभरात वर. तुम्ही सोबत जा, पण सगळ्यात मागे चाला आणि तोंड बंद ठेवा. संध्याकाळी घरी आल्यावर तिला विचारा: कुणाचा बूट चावत होता? पाणी कुणी सगळ्यात कमी प्यायलं? उतरताना कोण गप्प होतं? तिला सांगता आलं तर सोमवारी निमच्या बेसिकच्या तारखा बघायला बसा. नाही सांगता आलं तर पुढच्या रविवारी पुन्हा न्या. बहुतेकांना पहिल्या खेपेला येत नाही, मलाही आलं नव्हतं.